मृत्तिकेतील चामडे : मॅरिलिन लेव्हिन यांच्या वस्तुशिल्पांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मृत्तिकाकलेच्या समीक्षेत वस्तूच्या हुबेहूब अनुकरणाला सहसा दुय्यम स्थान दिले जाते. भांडे उपयुक्त असते, शिल्प आशयघन असते. परंतु मातीचा बूट पायात घालता येत नाही आणि त्यात नवनिर्मितीही दिसत नाही, असा आक्षेप घेतला जातो. कॅनडात जन्मलेल्या मॅरिलिन लेव्हिन (१९३५-२००५) यांच्या शिल्पांच्या आधारे हा आक्षेप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरेतील दोन प्रवाह

नित्याच्या वस्तू मातीत घडविणे ही आधुनिक कल्पना नव्हे. सिंधू संस्कृतीतील लाकडी गाड्या काळाच्या ओघात नष्ट झाल्या. तथापि हडप्पा व मोहेंजोदडो येथे सापडलेल्या भाजक्या मातीच्या खेळण्यांतील गाड्यांवरून त्यांच्या घडणीची कल्पना येते. चीनमधील यिशिंगच्या कारागिरांनी चहाच्या किटल्यांना बांबूच्या पेरांचे आणि झाडाच्या खोडाचे रूप दिले. पहिल्या उदाहरणात माती नाशवंत वस्तूची स्मृती टिकविते, तर दुसऱ्यात ती कारागिराच्या हस्तकौशल्याचा प्रत्यय देते. अनुकरणाचे हे दोन प्रवाह भिन्न आहेत आणि लेव्हिन यांचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानी घेणे आवश्यक ठरते.

प्रयोगाचे स्वरूप

लेव्हिन यांचे मूळ शिक्षण रसायनशास्त्राचे. पुढे १९७१ मध्ये त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून शिल्पकलेची पदव्युत्तर पदवी संपादन केली. तेथे अध्यापन करणाऱ्या पीटर वोल्कस यांनी मृत्तिकाकलेला भांड्यांच्या चौकटीबाहेर काढले होते. विद्यार्थिदशेच्या याच काळात लेव्हिन चामड्याच्या वस्तूंकडे वळल्या. जुने बूट, कोट, पिशव्या व पेट्या त्या मातीत घडवू लागल्या.

मातीत नायलॉनचे तंतू मिसळल्याने पातळ लाटलेली माती न फाटता वळविता येते. भट्टीत हे तंतू जळून जातात. चर्मकार जसा चामड्याचे तुकडे कापून जोडतो, तशीच ही मातीची पाती कापून जोडली जातात. वाळताना आणि भाजताना माती आकसते. त्यामुळे मूळ वस्तूचा केवळ साचा घेतल्यास प्रतिकृती लहान होते. हुबेहूबपणा येथे आपोआप हाती लागत नाही. प्रत्येक सुरकुती विचारपूर्वक घडवावी लागते.

मूल्यमापन

या शिल्पांचे सामर्थ्य साम्यात नसून वापराच्या खुणांत आहे. कोटाच्या कोपराशी पडलेल्या चुण्या, बुटाची झिजलेली टाच, पिशवीच्या मुठीला आलेला मऊपणा या सर्वांतून अनुपस्थित माणूस जाणवू लागतो. ‘जॉन्स माउंटी बूट्स’ (१९७३) यासारख्या शीर्षकात वस्तूच्या धन्याचे नावही येते. अशा वेळी वस्तुशिल्प हे एका अर्थी व्यक्तिचित्र बनते. चामडे कुजते, भाजलेली माती टिकते. देहाचा क्षणिक स्पर्श येथे दीर्घायुषी द्रव्यात स्थिर होतो.

मात्र या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ‘हे खरोखर चामडेच वाटते’ या उद्गाराशीच प्रेक्षकाचा अनुभव थांबला, तर कलाकृती कौशल्याच्या प्रदर्शनापुरती उरते. ज्या शिल्पांत वस्तूची झीज पुसट आणि सफाई अधिक असते, तेथे हा धोका वाढतो. विस्मय हा क्षणभंगुर भाव आहे. दुसऱ्या दर्शनात तो ओसरतो. दुसऱ्या दर्शनानंतरही जे उरते, त्यावरच अशा शिल्पाचा कस लागतो.

समारोप

अनुकरण हे स्वतः गौण वा श्रेष्ठ नसते. ते कशाचे आहे, यावर त्याचे मूल्य अवलंबून असते. लेव्हिन यांच्या उत्तम कृतींत वस्तूच्या आकारापेक्षा तिने पाहिलेल्या आयुष्याचे अनुकरण आहे. कलाशिक्षणाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मातीचे घड्याळ, कुलूप किंवा चप्पल घडविणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हे किती जमले?’ एवढाच प्रश्न विचारणे अपुरे ठरते. ‘ही वस्तू कोणी, कशी वापरली, हे मातीत उतरले काय?’ असा प्रश्न विचारला गेला, तरच त्याच्या प्रयोगाला योग्य न्याय मिळू शकेल.