हिवाळ्यातली भिंगरी : एका युक्रेनी सणगीताचे वाचन

‘श्चेद्रिक’ हे युक्रेनी सणगीत मी शब्दकोश हाताशी घेऊन प्रथम वाचले, तेव्हा त्यातली मुख्य विसंगती माझ्या लक्षातच आली नाही. गीत छोटे आहे. एक भिंगरी उडत अंगणात येते, घरधन्याला हाक मारून बाहेर बोलावते आणि सांगते, की गोठ्यात जाऊन बघ, मेंढ्या व्याल्या आहेत. तुझा माल चांगला आहे, पैसा मिळेल. आणि नाहीच मिळाला, भुसाच हाती आला, तरी घरात काळ्या भुवयांची देखणी बायको आहे. हे गीत म्हणतात नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी, ऐन हिवाळ्यात. आपल्याकडे माळभिंगऱ्या थंडीतच तारांवर ओळीने बसलेल्या दिसतात, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. पण युक्रेनमधल्या भिंगऱ्या त्या वेळी आफ्रिकेत असतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. मग ही भिंगरी जानेवारीत आली कुठून?

अभ्यासकांचे रूढ उत्तर असे : प्राचीन कीव राज्यात वर्षाचा आरंभ मार्चमध्ये होई. बर्फ वितळण्याचे, भिंगऱ्यांच्या वाटेकडे डोळे लावण्याचे, कोकरांचे ते दिवस. पुढे वर्षारंभ जानेवारीत गेला आणि वसंतातले गीत त्याच्यामागोमाग हिवाळ्यात आले. ज्युलियन पंचांग पाळणाऱ्यांकडे ही संध्याकाळ १३ जानेवारीला येई. तिचे नाव ‘श्चेद्रिय वेचिर’, म्हणजे उदार संध्याकाळ. ख्रिसमसला दारोदार म्हणायची गीते ती कोल्यादका, आणि या संध्याकाळची ती श्चेद्रिवका. याच रात्री बोकड, अस्वल अशी सोंगे घेऊन तरुण मंडळी ‘मालांका’ खेळतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगे घरोघर जाऊन घरातच धान्य उधळतात. ती पेरणी मानली जाते.

हे उत्तर मला पटते, पण पुरेसे वाटत नाही. गीत मुळात कुठले, हे त्यातून कळते; टिकले का, हे कळत नाही. भिंगरी कधी येते हे ज्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते, त्या शेतकऱ्यांनी ही ‘चूक’ शतकानुशतके दुरुस्त का केली नाही? याचे उत्तर गीताच्या क्रियापदांत आहे. मेंढ्या व्यायल्या ‘आहेत’, कोकरे झाली ‘आहेत’. इथे ‘होवोत’ नाही, ‘होतील’ नाही. आशीर्वाद घडून गेलेल्या बातमीसारखा सांगितला आहे. पहाटे जमिनीवर फेकलेले धान्य उगवणार नाही हे जसे सर्वांना माहीत असते, तशी ही भिंगरी खरी नाही हेही माहीत असते. घरातले पीठ संपत आलेले असताना कुणीतरी दाराशी येऊन वसंत आल्याचे सांगावे, यासाठीच तर सण आहे. म्हणून भिंगरी अवेळी येणे हा गीताचा दोष नाही. ते त्याचे कामच आहे.

मिकोला लेओंतोविच या पोदिल्ल्यातल्या पुरोहितपुत्र संगीतशिक्षकाने या लोकगीताला समूहगायनाचे रूप दिले आणि वर्षानुवर्षे त्यात फेरफार केले. चार स्वरांचा एक लहानसा आकृतिबंध अखंड फिरत राहतो. १९१६ च्या अखेरीस ओलेक्सांद्र कोशित्स यांच्या वृंदाने ते कीवमध्ये सादर केले. १९१९ मध्ये, युक्रेनी प्रजासत्ताकाला जगाची मान्यता मिळावी म्हणून, सरकारने कोशित्स यांचा वृंद युरोपच्या दौऱ्यावर पाठवला. ५ ऑक्टोबर १९२२ रोजी तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायला. तोवर ते प्रजासत्ताक उरले नव्हते.

१९३६ मध्ये अमेरिकेत पीटर विल्हौस्की यांनी त्याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले. ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ जगभर गेले. ‘होम अलोन’ चित्रपटामुळे आपल्याकडच्या मुलांच्याही कानावर आले. त्या चार स्वरांत घंटानाद ऐकणे ही विल्हौस्की यांची सूझ अस्सलच. पण घंटा सगळ्या गावासाठी वाजते; भिंगरी एका घरधन्याला हाक मारते. नव्या शब्दांत अंगण गेले, गोठा गेला, बायको गेली, भुशाची थट्टाही गेली. सर्वांना शुभेच्छा मिळाल्या. नेमके कुणाच्या दारात उभे राहायचे, ते मात्र हरवले.

आणि दाराशी येणे ही या इतिहासात साधी गोष्ट नाही. २३ जानेवारी १९२१ रोजी लेओंतोविच यांचा खून झाला तो मार्किव्का गावी, वडिलांच्या घरात. रात्रीपुरता आसरा मागून राहिलेला पाहुणा ‘चेका’ या बोल्शेविक गुप्त पोलिसांचा हस्तक होता. १९७२ च्या ख्रिसमसला ल्विव शहरात काही लेखक-कलावंत वेश करून घरोघर कोल्यादका गात हिंडले. लगेच १२ जानेवारीला, उदार संध्याकाळच्या आदल्या दिवशी, युक्रेनमध्ये अटकसत्र सुरू झाले. पकडलेल्यांत या मेळ्यातले कवी वासिल स्तूस आणि इरिना कालिनेत्स होते. स्तूस १९८५ मध्ये छावणीतच वारले.

२०२३ मध्ये युक्रेनच्या संसदेने ख्रिसमसची ७ जानेवारीची सुट्टी रद्द करून २५ डिसेंबरचीच ठेवली, आणि १ सप्टेंबरपासून ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेनने नवे पंचांग स्वीकारले. मॉस्कोशी परंपरेने जोडलेले चर्च जुन्याच तारखा पाळते. नव्या गणनेत उदार संध्याकाळ ३१ डिसेंबरला येते. भिंगरी वसंतापासून आणखी तेरा दिवस दूर गेली. या बदलाने परंपरा तुटली असे काही म्हणतात, काहींना ती मोकळी झाली असे वाटते. रशियाशी युद्ध चालू असताना तारखेला राजकीय अर्थ येणारच, आणि तो मी नाकारत नाही. पण दोन्ही बाजू सणाचा जीव तारखेत शोधतात. ‘श्चेद्रिक’मध्ये तारीख नाहीच. मार्चमधून जानेवारीत आणि जानेवारीतून डिसेंबरात जाऊनही त्यातला एक शब्द बदलावा लागला नाही.

त्याला लागते ते एवढेच : एक घर, हाकेला बाहेर येणारा घरधनी आणि अवेळी चांगली बातमी घेऊन येणारे कुणीतरी. आज तिथे कितीतरी घरे पडली आहेत, कितीतरी घरधनी आघाडीवर आहेत. पंचांगाचा वाद मिटेल. या हाकेला ओ देणारा घरी परतेल का, हा प्रश्न मला अधिक मोठा वाटतो.