वेगळी कढई

'अनऑर्थोडॉक्स' मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, रात्री बाराला, इअरफोन लावून, कारण आमच्या घरात सिरीज पाहणं बसत नव्हतं. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, एकट्याने, स्पीकर लावून. मधल्या काळात मुलगी झाली, मी आमचा संप्रदाय सोडला आणि घटस्फोट झाला. पहिल्या वेळी मी रडलो होतो. या वेळी चिडलो.

नेटफ्लिक्सची ही चार भागांची सिरीज ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग भागातल्या सातमार हसिदी ज्यू समाजातली एस्टी नावाची तरुण मुलगी लग्नानंतर वर्षभराने घर सोडून बर्लिनला पळते. पोटात बाळ आहे. नवरा यांकी आणि त्याचा चुलतभाऊ मॉइशे तिला शोधत तिथे येतात. वानसे तलावात उतरून ती डोक्यावरचा विग काढून टाकते, तो प्रसंग तुम्ही रील्समध्ये तरी पाहिलाच असेल. शेवटी संगीत विद्यालयाची ऑडिशन, नवे मित्र, मोकळं आकाश.

ही सिरीज डेबोरा फेल्डमन यांच्या २०१२ सालच्या आत्मकथनावर आधारलेली आहे. विल्यम्सबर्गचे प्रसंग पुस्तकातून घेतलेत, बर्लिनचं कथानक नव्याने रचलंय. फेल्डमन बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्यासोबत लहान मुलगा होता. त्याला वाढवत, त्याच्या ताब्यासाठी झगडत त्या काही वर्षं अमेरिकेतच राहिल्या, बर्लिनला खूप नंतर गेल्या. सिरीजने त्या मुलाला पोटात ठेवून दिलं. पोटातल्या मुलाला शनिवारी कुणाकडे सोडायचं हा प्रश्न नसतो. ते 'आई असं का करते आणि बाबा तसं का करतात' असं विचारत नाही. लेखकांना मोकळी, हलकी एस्टी हवी होती, म्हणून त्यांनी तिच्या हातातलं मूल काढून घेतलं. जे काम प्रत्यक्षात समाजाचे वकील करतात ते इथे पटकथेने केलं, असं मी म्हटलं तर चाहत्यांना राग येईल. येऊ दे.

गंमत म्हणजे खरी गोष्ट याच सिरीजमध्ये आहे, फक्त कोपऱ्यात. एस्टीची आई लेआ. ती आधीच समाज सोडून बर्लिनला आलेली आहे आणि एस्टी 'आईने आपल्याला टाकलं' असं समजून आजीकडे वाढलेली आहे. मुलगी मिळवायला आईने धडपड केली होती आणि ती हरली, हे खूप उशिरा कळतं. लेआच्या वाट्याला मोजके प्रसंग येतात. मला चारही भाग लेआचे हवे होते. समोरच्या घरात आपल्याबद्दल काय सांगितलं जात असेल हे माहीत असताना वर्षानुवर्षं वाट पाहणारी बाई. पण तिच्याकडे तलावात उतरण्यासारखं दृश्य नाही.

लेआची गोष्ट पाहायची असेल तर 'वन ऑफ अस' पाहा. हायडी युइंग आणि रेचल ग्रेडी यांची २०१७ ची डॉक्युमेंटरी. न्यूयॉर्कच्या हसिदी समाजातून बाहेर पडलेली तीन माणसं त्यात आहेत, पैकी एटी ही सात मुलांची आई. सुरुवातीला कॅमेरा तिचा चेहरा दाखवत नाही. मग एका टप्प्यावर दाखवतो, आणि तोवर मुलं हातातून निसटत चाललेली असतात. ताबा जातो, उरतात देखरेखीखालच्या थोड्या वेळाच्या भेटी. कोर्टाचा तर्क ऐकायला अगदी समंजस असतो: मुलं ज्या वातावरणात वाढली तेच चालू राहावं, त्यांना धक्का बसू नये. म्हणजे जो बदलला त्याने मुलांचं स्थैर्य बिघडवलं. ज्याने घर धरून ठेवलं तो स्थिर. यात दुष्ट न्यायाधीश कुणी नाही, म्हणून ते जास्त टोचतं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने एका प्रकरणात थोडं वेगळं म्हटलं. घटस्फोटाच्या वेळी मुलांना हसिदी पद्धतीने वाढवेन असं लिहून देणारी आई पुढे समलिंगी म्हणून उघडपणे जगू लागली. खालच्या कोर्टाने ताबा वडिलांना दिला होता. अपिलात तो आईकडे परत आला. एका सज्ञान माणसाला तिच्याच घरात धर्म पाळायला करारातल्या कलमाने भाग पाडता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मात्र वडिलांकडे आणि शाळेत असताना मुलांनी तिथले नियम पाळावेत, हे आईने पाहायचं.

हा तपशील वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेलो. कारण माझ्या ओट्याखाली एक वेगळी कढई आहे.

आमच्या संप्रदायाचं नाव लिहीत नाही. कांदा-लसूण नाही, बाहेरचं खाणं नाही, रविवारची सभा चुकवायची नाही, गुरूंच्या ग्रंथाशिवाय दुसरं 'मनोरंजनासाठी' वाचायचं नाही, इतकं सांगितलं तरी पुरे. माझी मुलगी चार वर्षांची आहे, आईकडे राहते, एक आड एक शनिवार-रविवार माझ्याकडे येते. आमच्या संमतीच्या घटस्फोटाच्या कागदात एक वाक्य आहे की मुलीच्या आहाराबाबत आईची इच्छा पाळली जाईल. वकील म्हणाले, याला कोर्टात फार अर्थ नाही, टाकू द्या. मी टाकू दिलं. त्या कढईत कधी लसूण पडलेला नाही. मुलगी झोपली की मी दुसऱ्या कढईत अंडाभुर्जी करतो, खिडकी उघडून.

जाता जाता, आपला कायदाही काही कमी नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिलंय की जो हिंदू राहिला नाही किंवा ज्याने पूर्ण संन्यास घेतला, त्याला नैसर्गिक पालक म्हणून वागण्याचा हक्क नाही. त्याच कायद्यात मुलाचं कल्याण सर्वांत महत्त्वाचं असंही आहे, त्यामुळे न्यायाधीश त्याकडेच पाहतात. पण धर्म बदललेला बाप आणि संसार सोडलेला बाप एका ओळीत बसवलेत, हे पाहून हसू आलं. मी यातला कुठलाच नाही. मी नुसता जायचा थांबलो.

वेगळ्या कढईची गोष्ट मराठीत आधीच लिहिली गेली आहे, आणि ती या दोन्हींपेक्षा चांगली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. शाळेत एखादा धडा म्हणून वाचलेलं हे पुस्तक मी पुन्हा उघडलं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या, बातमी मागाहून पोचली. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या बापाच्या सोवळ्यात त्या वाढलेल्या. पदरात लहान दत्तू. मग पंढरपूर, नाशिक, नातेवाइकांच्या घरचे दिवस, आणि पुढे अहमदनगरला नवऱ्याजवळ राहायला गेल्यावरही स्वतःची चूल आणि पाणी वेगळं. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

या पुस्तकाची थोरवी सहसा त्यातल्या विनोदावरून सांगतात. तो आहेच. पण मला या वेळी दिसलं ते हे की धर्म सोडणाऱ्याची गोष्ट इथे मागे राहिलेली सांगते. 'अनऑर्थोडॉक्स'मध्ये यांकी बिचारा आहे, शेवटी स्वतःच्या कानावरच्या बटा कापतो, पण त्याच्या डोक्यात आपण कधी शिरत नाही. त्याची श्रद्धा म्हणजे नुसती भीती आणि सवय. लक्ष्मीबाईंचं सोवळं मात्र आतून दिसतं. ते त्यांच्या उभं राहण्याची जागा आहे. नवरा गेला, घर गेलं, लोक बोलताहेत, अशा वेळी वेगळी चूल एवढंच त्यांच्या हातात आहे. ते सुटतंही भाषणाने नाही. जात देवाने केली की माणसाने, या विचाराशी त्या स्वतः झगडतात आणि स्वतःच्या वेळेला सोडतात.

हे वाचताना मी ज्या बाजूला बसलो होतो ती टिळकांची होती, आणि ती बसायला सुखाची नाही. मीही सांगितलं नव्हतं. सहा महिने रविवारी 'ऑन-कॉल आहे' म्हणून लॅपटॉप उघडून बसत होतो. बायकोला ते सभेतल्या दुसऱ्याच बाईकडून कळलं. तिने त्या रात्री देवाबद्दल एक शब्द काढला नाही. "माझ्याशी खोटं का बोललास?" एवढंच विचारलं. मी मात्र तासभर देव कसा नाही ते समजावत होतो. इंजिनिअरिंग केलेल्या माणसांना हा रोग असतो, प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

'स्मृतिचित्रे' मला एका ठिकाणी मात्र उपयोगी पडत नाही. ती गोष्ट सुटते ती बायको नवऱ्याच्या मागे गेल्यामुळे. दत्तूला दोन घरांत दोन देव सांभाळत मोठं व्हावं लागलं नाही. तिची आई माझ्याकडे येणार नाही आणि मी परत जाणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. अशा घराचं पुस्तक मला अजून मिळालं नाही. डॉक्युमेंटरी कोर्टाच्या निकालाशी थांबते, सिरीज ऑडिशनशी, आत्मचरित्र एका धर्माशी.

मागच्या शनिवारी जेवायला बसलो. मुलीने डोळे मिटून, हात जोडून गुरूंचं नाव घेतलं. मी थांबलो होतो, घास हातात धरून. तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं.

"बाबा, तू का नाही म्हणत?"

"तू म्हण. मी थांबतो."

"मग तू काय म्हणतोस?"

मला काही सुचेना. मी म्हटलं, भाजी कुणी पिकवली, कुणी बाजारात आणली, ते आठवतो. ती विचारात पडली. मग पुन्हा डोळे मिटून म्हणाली, "भाजीवाले आजोबा." आणि जेवू लागली.

रविवारी संध्याकाळी तिला सोडताना हे तिच्या आईला सांगावं की नाही, यावर मी सिग्नलला दोनदा विचार केला. सांगितलं. ती दारात उभी होती, थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या वेळी डबा देते, भेंडी आवडायला लागलीये तिला."