व्हिडिओ पाहिला, पण सिद्धता जमते का?

बीड, अंबाजोगाईकडची एम.एस्सी. गणिताची मुलं विचारतात, "ताई, नेटसाठी काय वाचू?" यादी सांगणं सोपं आहे. एनपीटेलची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत, बार्टल-शेरबर्टचं पुस्तक सगळ्यांना माहीत असतं. पण व्याख्यानांत एक धोका आहे. फळ्यावर सिद्धता इतकी सरळ उलगडते की आपल्यालाही आली असं वाटतं. गाईडमध्ये तर ती आयतीच छापलेली.

एक प्रश्न घ्या. एक्सचा वर्ग हे फलन सर्व वास्तव संख्यांवर एकसमान संतत का नाही? व्याख्या पाठ असते. पण 'एन' आणि 'एन अधिक एक छेद एन' हे बिंदू घ्यायचे, ते जवळ येत गेले तरी वर्गांतला फरक 2 पेक्षा जास्तच राहतो, हे स्वतःला सुचायला लागतं. नेटच्या 'क' भागात सगळे बरोबर पर्याय निवडल्याशिवाय गुण मिळत नाहीत. तिथे पाठांतर उघडं पडतं.

म्हणून मला 1993 पासूनचं एमटीटीएस हे उन्हाळी शिबिर जास्त मोलाचं वाटतं. तिथे शिक्षक प्रश्न विचारत राहतात, मुलं चुकत चुकत सिद्धता उभी करतात. उणीव एवढीच की निवड मोजक्यांचीच होते. अजित कुमार आणि कुमरेसन यांचं रिअल अ‍ॅनालिसिसचं पुस्तक त्याच वळणाचं आहे, पण तेही इंग्रजीत.

तोवर दोन मित्र आणि एक फळा गाठा. व्हिडिओ मध्येच थांबवा, पुढची ओळ स्वतः लिहा, मित्राला मराठीत समजावून सांगा. जिथे अडाल, तिथून खरा अभ्यास सुरू होतो.