दिवे विझवणार कोण?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्ब्रॅहम येथे मिनिचॉग हायस्कूल आहे. वीज वाचावी म्हणून तेथील सुमारे ७,००० दिवे एका संगणकीय प्रणालीला जोडले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रणाली बिघडली आणि दिवे रात्रंदिवस जळत राहिले. दुरुस्तीला २०२३ साल उजाडले!

असे का व्हावे? आपल्या घरातले बटण विद्युतमंडल तोडते. जाळ्यातल्या दिव्याला मात्र केवळ निरोप जातो. निरोप आला नाही, तर दिवा पूर्वनियोजित स्थितीत राहतो. तेथे ती स्थिती ‘चालू’ होती. सुरक्षिततेसाठी ते योग्यच. पण सारे दिवे हाताने बंद करण्याची सोय नव्हती, हा खरा दोष.

शिवाय निरोपाची वाट पाहतानाही दिवा वीज खातो. समजा, त्यासाठी अर्धा वॉट लागतो. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज ४ तास लावला, तर उजेडासाठी ३६ वॉट-तास आणि उरलेल्या २० तासांच्या प्रतीक्षेसाठी १० वॉट-तास खर्च होतात. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

रिकाम्या खोलीतला दिवा आपोआप विझवणाऱ्या संवेदकांना आमचा विरोध नाही. शाळेत अशी यंत्रणा बसवण्यापूर्वी एवढेच विचारावे: संगणक बंद पडला, तर शिपाईमामांना दिवा विझवता येईल ना?