आडनावात उरलेल्या बायका

नोआ वेबस्टरचा १८२८ चा इंग्रजी कोश कित्येक वर्षे माझ्या हाताशी आहे. कोशकाराच्या आडनावाकडे मात्र माझे लक्ष फार उशिरा गेले. ‘वेबस्टर’ म्हणजे विणणारी. जुन्या इंग्रजीत ‘-एस्त्रे’ हा कर्तृवाचक प्रत्यय होता, मुख्यतः स्त्रीलिंगी. त्याचेच पुढे ‘-स्टर’ झाले. बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी, ब्रूस्टर म्हणजे एल गाळणारी, स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी.

‘कालांतराने हा प्रत्यय लिंगनिरपेक्ष झाला’, एवढे सांगून व्युत्पत्तीकार सहसा मोकळे होतात. माझा आक्षेप या वाक्याला आहे. जुन्या इंग्रजीतही असे शब्द क्वचित पुरुषांना लावलेले सापडतात, हे मान्य. पण प्रत्यय आपोआप बदलत नाही. त्याच्या मागे काम करणारे हात बदलतात.

१३०० च्या सुमारास इंग्लंडात एल गाळणे हा मुख्यतः बायकांचा धंदा होता. १६०० पर्यंत तो बहुतांशी पुरुषांच्या हाती गेला. जुडिथ बेनेट यांच्या १९९६ च्या ग्रंथात हे सविस्तर आले आहे. हॉप्स घातलेली बिअर टिकते, दूरवर पाठवता येते. पण तिला भांडवल लागते, आणि ते बायकांकडे नव्हते. धंदा गेला. शब्द उरला तो आडनाव होऊन, बापाकडून मुलाकडे जाणारे.

सूतकताई मात्र बायकांकडेच राहिली, कारण तिच्यात पैसा नव्हता. चौदाव्या शतकातल्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात ‘लोभ’ नावाचे पात्र कबुली देते, की आपली विणकर बायको कातणारणींचा हिशेब करताना पाव हिश्शाने जड असलेले वजन वापरते. त्या कातणारणी म्हणजेच स्पिन्स्टर. सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदांत त्या शब्दाचा अर्थ ‘अविवाहित स्त्री’ असा रूढ झाला. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. पुढे कातणे विसरले गेले, हिणवणे तेवढे राहिले. इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदणीतून हा शब्द गेला तो थेट २००५ मध्ये.

सर्वांत बोलका पुरावा ‘सीमस्ट्रेस’ या शब्दाचा. ‘सीमस्टर’मधली शिवणारी बाई कोणाला ऐकूच येईना, तेव्हा फ्रेंच वळणाचा ‘-एस’ जोडून तिला पुन्हा बाई करावे लागले. आणि आज ‘-स्टर’ म्हटले की आपल्याला आठवतो तो गँगस्टर!

परक्या भाषेतली ही पडझड पाहून आपल्याकडे वळावेसे वाटते. ‘सुईण’ हा शब्द कामावरून आलेला, पण ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची बायको. मग ‘परटीण’ कोण? परटाची बायको, असे आपण पटकन म्हणतो. घाटावर ओणवी राहून कपडे आपटत असते, तीही परटीणच.