गुहा आधी, शहर नंतर?

माया शहरांच्या जुन्या नकाशांत पिरॅमिड दिसतात, चौक दिसतात, घरांचे चौथरे दिसतात. गुहांचा अभ्यास मात्र बराच काळ वेगळाच चालायचा. जेम्स ब्रेडी यांचा ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’मधला १९९७चा दोस पिलासवरचा लेख वाचल्यापासून असे नकाशे मला अर्धवट वाटतात.

दोस पिलास ग्वाटेमालाच्या पेतेन भागात आहे. तिथली जमीन चुनखडीची. पाण्याने खडक विरघळून तिच्या पोटात गुहा तयार झाल्या. आपल्या लेण्यांसारख्या त्या कुणी कोरलेल्या नाहीत. १९९०च्या दशकात ब्रेडींच्या गटाने त्या पालथ्या घातल्या, आतल्या वस्तू आणि माणसांची हाडं नोंदवली आणि गुहा वरच्या वस्तीशी जोडून पाहिल्या. एका राजवाड्यापाशीच ‘वटवाघळांची गुहा’ निघाली. एल दुएन्दे हा पिरॅमिड तर नैसर्गिक टेकडीला टप्पे पाडून घडवलेला, आणि त्याच्याखाली पाण्याची गुहा! ब्रेडी म्हणतात, हा योगायोग नाही. मायांसाठी डोंगर आणि त्याच्या पोटातलं पाणी पवित्र होतं, म्हणून बांधकामाच्या जागा गुहा पाहून ठरल्या.

इथे माझ्यातला इंजिनिअर अडखळला. चुनखडीच्या प्रदेशात कुठेही घर बांधा, जवळपास गुहा सापडायची शक्यता असतेच. मग ‘जवळ’ या पुराव्याला वजन किती द्यायचं? गुहेजवळचे चौथरे मोजायचे, तर दूरचेही मोजायला हवेत. नुसत्या अंतरावर हा युक्तिवाद टिकत नाही.

तरी मोठ्या इमारतींबाबत तो मला पटतो. कारण तिथे अंतरापेक्षा जास्त काही आहे. एल दुएन्दे मुख्य चौकापासून सुमारे एक किलोमीटर दूर आहे. निव्वळ सोय पाहून कुणी तिथे एवढे कष्ट घेतले नसते. मोठ्या पावसानंतर वटवाघळांच्या गुहेतून पाणी गर्जत बाहेर पडतं, म्हणजे पावसाळ्याची वर्दी राजाच्या दारातून मिळायची. शिवाय ७व्या शतकात इथे आलेला राजा तिकालच्या घराण्यातून फुटलेला होता. नव्या जागेवर हक्क सांगायला त्याला असा आधार हवाच असणार.

साध्या घरांचं काय? त्यांनीही गुहा निवडल्या, की त्यांना फक्त जागा मिळाली? माझी शंका तिथे अजून शिल्लक आहे. पण ती विचारता येते, कारण ब्रेडींनी दोन्ही नकाशे एकत्र ठेवले.