कर्तव्यापलीकडे, पण कुणाच्या बळावर?

'शिक्षकाने कर्तव्यापलीकडे जाऊन काम करावे' हे वाक्य सभासंमेलनांतून इतक्यांदा ऐकू येते की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. मला ती वाटते. कारण कर्तव्याची हद्द न ठरवताच 'पलीकडे' जायला लावणारी व्यवस्था आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. महार वतन म्हणजे दुसरे काय होते? कामाची यादी नाही, वेळेची मर्यादा नाही. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी हजर व्हायचे. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. सेवेला सीमा हवी आणि सेवेला मोल हवे, हाच त्याचा गाभा होता.

कर्तव्यापलीकडच्या या वृत्तीची विस्तृत मांडणी अमेरिकन अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९८८ च्या पुस्तकात केली. नेमून न दिलेले, थेट मोबदला नसलेले, तरीही संस्थेला तारणारे काम, अशी त्यांची व्याख्या. असे काम करणाऱ्याला त्यांनी 'चांगला सैनिक' म्हटले. वरिष्ठ न्यायाने वागतात असा विश्वास असेल तेथे माणसे असे काम आपखुशीने करतात, हे या परंपरेतील अभ्यासकांचे म्हणणे मला मान्य आहे. माझा आक्षेप पुढे आहे. या मांडणीत न्याय हक्क म्हणून येत नाही. अधिक काम काढून घेण्याचे साधन म्हणून येतो. आणि सैनिकाला हुकूम पुरतो, शिक्षकाला विवेक लागतो.

मी हे आचोळ्यातून लिहितो आहे. नालासोपारा पूर्वेचे हे गाव आता चाळी-इमारतींत बुडाले आहे. पोटासाठी निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्यांची मुले इथे शिकतात. तास संपताच शिक्षक निघून गेला तर नियम मोडत नाही, पण मूल मागे पडते. म्हणून जादा कामाची गरज मी नाकारत नाही. ते कुणाच्या वाट्याला येते, एवढेच विचारतो.

खाजगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेशी बांधले गेले, दाद मागायला शाळा न्यायाधिकरण मिळाले. पण वेळापत्रकात अवघड वर्ग कुणाला, स्नेहसंमेलनात व्यासपीठावर कोण आणि सतरंज्या उचलायला कोण, गोपनीय अहवालात 'सहकार्य करीत नाहीत' हा शेरा कुणाच्या नावापुढे, हे प्रश्न न्यायाधिकरणापर्यंत क्वचितच पोचतात. जात कार्यालयात शिरते ती याच दाराने. राखीव जागेवर आलेल्या शिक्षकाने आपली लायकी सिद्ध करण्यासाठी रोज जादा राबावे, ही अपेक्षा म्हणजे वेठच.

साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की बाबासाहेबांना पाणी मिळत नसे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे मॅट्रिक झाल्यावर कृ. अ. केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि शिक्षणाच्या मदतीसाठी बडोद्याच्या महाराजांपर्यंत नेले. केळुसकर त्यांच्या शाळेतले शिक्षक नव्हते. कर्तव्यापलीकडचे काम म्हणावे ते याला. पण एका केळुसकरांमुळे साताऱ्याच्या शाळेतला माठ खुला झाला नाही. व्यक्तीचा चांगुलपणा आणि संस्थेचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे पोवाडे गाऊन दुसरी टाळता येत नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांनी जादा कामाची वाटणी फलकावर लावावी, प्रतिकूल शेऱ्याचे कारण लेखी द्यावे, श्रेय नावानिशी द्यावे. शिक्षक संघटनांनीही केवळ बढतीच्या यादीपाशी न थांबता वेळापत्रक मागावे. आणि आपल्या शिक्षकांना एक सांगणे आहे: हे भांडण कार्यालयात जरूर करा, पण वर्गात नेऊ नका. तिथे बसलेले मूल बहुधा आपल्याच वस्तीतले असते.